बसऱ्याची भावजय

कामरगावात बांगड्या भरणाऱ्या मेहरबी मनियारणीला लिहितावाचता येत नव्हतं, पण आसपासच्या दहा-बारा गावांतल्या बायकांच्या मनगटांची मापं तिला तोंडपाठ होती. लग्नानंतर चौथ्याच वर्षी नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. आपलं म्हणावं असा एकच, धाकटा भाऊ युसूफ. तो बांगड्यांत रमला नाही, सुतारकाम शिकला. पहिल्या महालढाईच्या दिवसांत, एकोणीसशे सोळा साली, सरकारी भरतीत नाव घालून इराकातल्या बसऱ्याला गेला. जहाजांच्या धक्क्यावर लाकूडकाम होतं. लढाई संपली तरी तो तिकडेच राहिला. सबीहा नावाच्या एका अरब मुलीशी त्यानं निकाह केला. एक मुलगा झाला, जासिम. मग मुलगी झाली, तिला त्यानं आपल्या आईचं नाव ठेवलं, हुस्नाबानो.

एकवीस साली त्याचं पत्र आलं. शाळेतल्या रामराव मास्तरांनी वाचून दाखवलं. "आपा, इथलं काम बंद पडलं. मी एकटा उद्या निघू शकतो. पण बायको परमुलखातली. तिला आणि लेकरांना पासपोट पाहिजे. मी कामरगावचा आहे असा सरकारी कागद गावाकडून आल्याशिवाय इथला साहेब तो देत नाही."

मेहरबी तशीच पुंजाजी पाटलांकडे गेली. पाटलांनी जन्माची जुनी वही काढली, बोट फिरवत फिरवत एका ओळीवर थांबले.

"करीम मनियाराले मुलगा झाला. एवढंच हाय. नाव कुठी हाय याच्यात?"

"नाव तं सहाव्या दिवशी ठेवलं, पाटील. तुमच्या बापानं पहिल्याच दिवशी लिहून टाकलं, त्याले म्या काय करू?"

पाटील हसले, पण तालुक्याच्या कचेरीत कोणी हसलं नाही. करीमचा मुलगा म्हणजे हाच युसूफ, हे सांगणारे साक्षीदार आणा, असं कारकुनानं सांगितलं. मेहरबी सुईण प्रयागबाईला बैलगाडीत घालून घेऊन गेली. बाईमाणसाची साक्ष काय लिहायची, म्हणून कारकून कुरकुरला. प्रयागबाई टेबलावर हात टेकून उभी राहिली.

"बाबू, पोरगं पैदा व्हताना तिथं गडी कोन व्हता? मी व्हती. माह्या हातात पडला तो. लिही."

त्यानं लिहिलं. कागद अकोल्याला गेला, तिथून पुढे. पाच महिने काहीच कळलं नाही. मग बसऱ्याहून पाकीट आलं, पण त्यावरचं अक्षर युसूफचं नव्हतं. त्याच्यासोबत काम करणाऱ्या फय्याजनं लिहिलं होतं. युसूफ तापानं गेला. कागद तो गेल्यावर अकराव्या दिवशी पोचला.

पत्राखाली आणखी चार ओळी होत्या. मास्तर तिथं अडखळले. मेहरबीनं डोळे न पुसताच विचारलं, "पुढं काय लिहेल हाय?"

सबीहाला माहेरी कोणी नीट ठेवीना. तिला नवऱ्याच्या गावी यायचं होतं. पण नवराच नाही तर परमुलखातली बाई कोणाच्या भरवशावर सोडायची? तिला आणि दोन्ही लेकरांना सांभाळू, असं हिंदुस्थानातून कोणी लिहून द्यायला हवं होतं.

गावात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच. तुले तिची बोली येत नाही, रीत माहीत नाही, कायले गळ्यात घेतं? मेहरबीलाही रात्र रात्र तेच वाटे. तरी ती पुन्हा कचेरीत गेली. साहेबानं विचारलं, "तू स्वतः टोपली घेऊन हिंडतेस. तिघांना काय खाऊ घालशील?"

"जे मी खातो तेच, साहेब."

साहेबानं कागद पुढं सरकवला. पुंजाजी पाटलांनी जामीन म्हणून सही केली आणि मेहरबीनं शाईत अंगठा बुडवला.

बावीसच्या थंडीत ती मास्तरांसोबत मुंबईला गेली. कारंजा गावाच्या पलीकडे तिनं त्याआधी पाऊल टाकलं नव्हतं. बंदरावर दुपारभर उभं राहिल्यावर काळा पायघोळ अरबी अबा घेतलेली एक बाई उतरली. कडेवर मुलगी. मेहरबी तिच्या मागं पाहत राहिली. मागं कोणी नव्हतं.

टेबलामागच्या साहेबानं कागद वाचला, "दोन मुलं. दुसरं कुठंय?" सबीहा बोलू लागली आणि बोलता बोलता खालीच बसली. अरबी जाणणाऱ्या एका खलाशानं सांगितलं, निघायच्या दिवशी तिच्या भावांनी जासिमला ठेवून घेतलं. मुलगा आमच्या घरचा, म्हणाले. जहाज चुकलं तर कागद वाया जाणार होता, म्हणून ही चढली.

साहेबानं जासिमच्या नावावर लाल रेघ मारली.

सबीहा वऱ्हाडी शिकली. भाकरी शिकली, बांगडी भरायला शिकली. केनवडच्या बाजारापर्यंत लोक तिला 'बसऱ्याची' म्हणत. मुलासाठी मेहरबीनं मास्तरांकडून किती पत्रं लिहवली, पण तिकडून उत्तर नाही. बत्तीस साली अचानक जासिमचंच पत्र आलं. तो नावा बांधायच्या कामावर लागला होता. आईला 'भेटायला ये' म्हणत होता.

पुन्हा अर्ज झाला. वर्षभरानं जबाब आला. तिकडच्या दफ्तरात ही हिंदुस्थानी माणसाची बायको म्हणून देश सोडून गेलेली. इकडच्या दफ्तरात बसऱ्याची रहिवासी. पासपोट कोणी द्यायचा ते ठरत नव्हतं, म्हणून अर्ज परत.

मेहरबी ओट्यावर बसली होती. तिथूनच म्हणाली, "म्या अंगठा देला नसता तं तू तिथंच राह्यली असती. पोरगा तुह्याजवळ असता."

"तुवा कागद देला, आपा," सबीहा म्हणाली. "जहाजात मी चढली. माह्या पायानं."

मेहरबीला त्यानं बरं वाटलं नाही. सबीहालाही वाटलं नसावं. ती उठून हुस्नाबानोच्या लग्नाचे कपडे शिवायला बसली.

जासिमची पत्रं वर्षातून दोनदा येत. तो बाप झाल्याचंही पत्रानंच कळलं. एक्केचाळीस साली तिकडे लढाई भडकली आणि पत्रं थांबली. त्याच हिवाळ्यात मेहरबी गेली. तिला शेवटची आंघोळ सबीहानंच घातली, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.