अलास्कात सांगू म्हटलं

लेक म्हणाली, आई, बाबांना तूच सांग, तुझं ऐकतात. माझं कोण ऐकतंय! लग्नाला इतकी वर्षं झाली, यांनी माझं ऐकल्याचा एक प्रसंग कुणी मला दाखवून द्यावा. पण लेक हटून बसली, कारण गोष्ट तिच्या मुलीची होती.

सांगायचं होतं ते एवढंच, की यांनी आता गाडी चालवू नये. डावा हात थरथरायला लागून वर्ष होऊन गेलं होतं. डॉक्टरांनी पार्किन्सन्स म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या आणि गाडीचं काय ते घरच्यांनी बघा म्हणाले. वा रे वा! अमेरिकेतल्या आमच्या कॅरीसारख्या गावात गाडी नाही म्हणजे दूध आणायलाही कुणाच्या तरी तोंडाकडे बघायचं. त्यात हे म्हणजे गावाचे काका. नवीन आलेल्या मराठी पोरांना विमानतळावरून आणायचं, कुणाचे आईवडील आले की त्यांना देवळात, दुकानात फिरवायचं, सगळं यांच्याकडे. नोकरीतून रिटायर झाले, पण यातून नाही. नातीला शाळेतून पोहायच्या क्लासला सोडणं हे तर त्यांचं सगळ्यात लाडकं काम.

वसंतात एकदा लेक आमच्या मागे तिच्या गाडीत होती. समोरचा सिग्नल लाल झाला आणि यांचा पाय ब्रेकवर जाईजाईपर्यंत आमची गाडी चौकात अर्धी आत शिरली. शेजारी मी बसले होते. दोन्ही हातांनी सीट धरून बसले होते, पण तोंडातून शब्द नाही काढला. लेकीने मला नंतर फोनवर स्पष्ट सांगितलं की सुट्टी संपून शाळा सुरू झाली की ती मुलीला आजोबांच्या गाडीत बसवणार नाही. त्याआधी तू बाबांशी बोल.

मी आज बोलते, उद्या बोलते करत राहिले. तेवढ्यात मुलाने आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला अलास्काची ट्रिप बुक करून टाकली. यांना मासे पकडायचं भारी वेड. दर शनिवारी तळ्यावर जाऊन बसायचे आणि मुठीएवढा मासा घेऊन राजासारखे परत यायचे. मी मालवणची, मला त्या माशाकडे बघून कीव यायची. तर अलास्कात म्हणे सॅमन आणि हलिबट असले मोठाले मासे, बरोबर गाइड, मुक्काम थेट समुद्रकाठच्या लॉजवर. आणि तिथे रस्ताच नाही. छोटं विमान येऊन पाण्यावर उतरतं, तेच आपल्याला आणतं, तेच नेतं. मी मनात म्हटलं, हे बेस. इथेच सांगू. भांडण झालं तरी रागारागाने गाडी काढून जातील कुठे?

उतरल्या उतरल्या आम्हाला गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि नारिंगी रेनकोट घालायला दिले. त्या अवतारात आरशात बघितलं तेव्हा आम्ही दोघं रस्ता झाडायला आलेलो दिसत होतो. गाइड म्हणजे चाळिशीतली एक उंच बाई, बोलायला गोड आणि बोट हाकायला बिनधास्त.

पहिल्या दिवशी हलिबट. हा मासा पार तळाशी पडून असतो, ताटासारखा चपटा. गळाला मोठं वजन बांधून ते तळाला टेकेपर्यंत दोरी सोडायची आणि वाट बघायची. मासा लागला तर झटका द्यायचा नाही, नुसतं रीळ फिरवत राहायचं, असं बाईने दोन-दोनदा बजावलं. यांच्या गळाला लागला आणि काठी अशी वाकली की मला वाटलं हेच आता पाण्यात जातात. बाईने मदत करू का विचारलं. यांनी मान हलवली. दम खात, थांबत, पुन्हा फिरवत त्यांनी तो मासा वर आणला.

त्या वेळात हात एकदाही थरथरला नाही. या दुखण्याची हीच तर लबाडी आहे. हात रिकामा मांडीवर असला की थरथरतो आणि कामाला लावला की शहाण्यासारखा गप्प. बघणाऱ्याला वाटतं, काही झालेलंच नाही. हातपाय हलायला जो उशीर होतो, तो कुणाला दिसत नाही. यांचा चेहरा असा फुलला होता की मला आनंदही झाला आणि रडूही आलं. आता यांना मी कुठल्या तोंडाने सांगणार होते?

संध्याकाळी धक्क्यावर मासे साफ करणं चाललं होतं. बाई दोन बाजूंचे तुकडे काढायची आणि डोकं सरळ पाण्यात! माझा जीव वरखाली झाला. अहो, डोकंच तर खायचं असतं. मी एक मागून घेतलं. बाई हसली, पण तिने ते धुऊन दिलं. लॉजच्या आचाऱ्याने पातेलं दिलं, मसाला माझ्या बॅगेत होताच. हलिबटला आपल्या सुरमईची सर नाही, पण गालाजवळचं मांस चांगलं निघालं. यांनी बोटं चाटून रस्सा संपवला आणि टेबलावरच्या पाहुण्यांना सांगायला लागले, की पुढच्या महिन्यात शेजाऱ्यांचे सासू-सासरे येणार आहेत, त्यांना डोंगर दाखवायला मीच नेणार, चार-पाच तासांचा तर ड्राइव्ह. मी उठून भांडी घासायला गेले. आचारी नको नको म्हणत होता तरी घासली.

शेवटच्या दिवशी सॅमन. एका ओढ्याच्या तोंडाशी ते नुसते उड्या मारत होते. इथे काठी मागे नेऊन गळ लांब फेकायचा असतो आणि बोटाखालची दोरी नेमक्या क्षणी सोडायची. यांनी दोन-तीनदा बरा फेकला. मग एकदा दोरी सुटायला उशीर झाला. गळ समोर जायच्या ऐवजी आडवा फिरून आला आणि माझ्या रेनकोटच्या टोपीत, कानाच्या खाली घुसला. मला लागलं नाही. टोपी जाड होती.

बाईने पटकन येऊन गळ काढला, असं सगळ्यांचंच होतं म्हणाली आणि काठ्या गोळा करून बोट लॉजकडे वळवली. आम्ही दोघं मागच्या फळीवर बसलो. हे माझ्या टोपीला पडलेल्या भोकाकडे बघत होते. हात मांडीवर थरथरत होता आणि त्यांनी तो लपवला नाही, एरवी खिशात घालतात.

मग म्हणाले, "नातीला माझ्या गाडीत बसवायची नाही असं लेक म्हणालीय ना?"

मी म्हटलं, तुम्हाला कुणी सांगितलं? तर नातीनेच. सुट्टी लागायच्या आधीच, इंग्लिशमध्ये, आइस्क्रीम खाता खाता. पोरांच्या पोटात काही राहतं का! म्हणजे इतके दिवस यांना माहीत होतं, आणि मी मात्र कसं सांगू, कधी सांगू करत झुरत होते. मला रागच आला. कळलं होतं तर मग तुम्ही थांबला का नाहीत, असं मी विचारलं.

"मी तुझी वाट बघत होतो," ते म्हणाले. "लेक घाबरट आहे, डॉक्टरांनी तर घरच्यांवरच सोडलंय. तू रोज शेजारी बसतेस, आणि तू काही मनात ठेवणारी बाई नाहीस. तू बोलली नाहीस, म्हणून मला वाटलं, अजून जमतंय."

खरं होतं ते. मीठ, घोरणं, सोफ्यावरचा ओला टॉवेल, कशाकशावरून मी या माणसाला बोलले नाही? नेमक्या याच एका गोष्टीला मी गप्प राहिले आणि त्या गप्प राहण्याच्या भरवशावर हे गाडी चालवत होते.

"नाही जमत तुम्हाला," मी म्हटलं. "मला भीती वाटते शेजारी बसायची. खूप दिवसांपासून वाटते."

त्यांनी विचारलं, "मग रोज बसत का होतीस?"

"तुम्हाला एकट्याला कसं जाऊ देणार?"