इंदूबाईंच्या गालावरचे ठिपके

तिसऱ्यांदा छपाईचा स्क्रीन धुतला आणि तिसऱ्यांदा इंदूबाईंचा गाल पाण्याबरोबर वाहून गेला. मी पाइप खाली टाकला. डोक्याचा पार भुगा झाला होता.

खऱ्या इंदूबाई मागे स्टुलावर बसल्या होत्या, नवऱ्याशेजारी. डोमाजी कामठीचे. त्यांचे पॉवरलूम दुसऱ्या दिवशी भंगारात जाणार होते. शेवटच्या सुतातून त्यांनी चाळीस तुकडे विणले होते. त्यावर बायकोचा रंगीत फोटो छापून जुन्या कारागिरांना द्यायचा, एवढीच त्यांची हौस. कापड जाडंभरडं, डिजिटल छपाईवाल्यांनी हात वर केले, म्हणून ते इतवारीतल्या माझ्या स्क्रीन छपाईच्या दुकानात आले. अर्धवट स्क्रीनवर छापून बघताना मी तीन तुकडे नासवले होते. चेहऱ्याच्या जागी नुसता लाल डाग. तसलं कापड आता पुन्हा विणलं जाणार नव्हतं, त्यामुळे चौथ्याला हात लावायची हिंमत होत नव्हती.

रंगीत फोटोला चार स्क्रीन लागतात. निळा, गुलाबी, पिवळा, काळा. जाळीवर इमल्शन नावाचं औषध थापायचं, सुकवायचं, वर फोटोची ठिपक्याठिपक्यांची फिल्म ठेवून प्रकाश द्यायचा. हेच एक्स्पोजर. प्रकाश लागतो तिथे औषध कडक होतं. फिल्मवरच्या काळ्या ठिपक्यांखाली ते मऊ राहतं, धुतलं की निघून जातं, आणि त्या भोकांतून शाई उतरते. माझ्याकडे कडक व्हायचं तेही निघून जात होतं. वेळ वाढवली तर बारीक ठिपकेच बुजले.

बाहेर मे महिन्याची दुपार. आत पिवळा बल्ब, कूलरची घरघर, ओल्या वाळ्याचा वास. भिंतीला टेकलेल्या जाळ्यांतून अर्धवट इंदूबाई माझ्याकडे बघत होत्या, एकीला गाल नाही, एकीला केस नाहीत. त्या पिवळ्या उजेडात किती वाजले तेच कळेना. मला वाटत होतं, आपण विहिरीच्या तळाशी बसलोय आणि वरून कोणीतरी हळू आवाजात बोलतंय.

"भाऊ, काय होऊन राहिलं हे?" डोमाजी विचारत होते.

"लाइट कमी पडतोय. ट्यूब जुन्या झाल्यात."

"मंग बदला ना."

"ट्यूब काय किराणा दुकानात मिळते?" मी खेकसलो. चूक आपली असली की मी असाच खेकसतो.

इंदूबाई उठल्या. रॅकवर सुकत ठेवलेल्या चार नव्या स्क्रीनजवळ गेल्या आणि वाकून एका जाळीला गाल लावला.

"अहो बाई, हात नका लावू."

"हात कुठं लावला? हे ओलं हाय, भाऊ."

"सकाळपासून सुकतंय. बोट लावून बघितलंय मी."

"बोटाले काय समजते? खळ दिलेलं सूत वाळलं का नाही, आम्ही गालानं पाह्यतो. आन् हा कूलर इथं काहून लावला? सूत वाळत असलं का आमच्या घरी कूलर बंद राह्यते."

मी कूलर बंद केला. एवढी वर्षं धंद्यात, आणि औषध सुकवतोय कूलरच्या ओल्या हवेत. वरून कोरडं, आतून दमट. दमट औषध कितीही प्रकाश दिला तरी नीट कडक होत नाही. लाज वाटली.

चारही स्क्रीन मागच्या टिनाच्या अंधाऱ्या खोलीत ठेवले. तिथे छापलेलं कापड शेकायची भट्टी तापलेली. दोन तासांनी एक्स्पोजर दिलं, जुन्याच ट्यूबवर, नेहमीच्याच वेळेचं. धुतलं. ठिपके जागच्या जागी राहिले, गालावरचे सगळ्यात बारीकसुद्धा.

धडा म्हणाल तर एवढाच: मशीनला दोष देण्याआधी आपल्या सुखासाठी काय लावून ठेवलंय ते बंद करून पाहावं.

संध्याकाळी सदतीस तुकडे तयार झाले. डोमाजींनी पहिला उचलून बायकोपुढे धरला.

"मले काहून? हे तं कारागिराइले द्याचे हाय ना?"

"जन्मभर लूमसाठी सुताच्या कांड्या भरल्या, मंग तू कोण होती वं?"

इंदूबाईंनी तुकडा घेतला आणि चेहरा आत जाईल अशी घडी घातली. डोमाजींनी तो काढून घेतला, उलगडला आणि चेहरा वर ठेवून पुन्हा घडी घातली.