दादाचं डायरेक्ट

दुकानाच्या पाटीवर दोनच ओळी होत्या. पहिली रंगाऱ्याने काढलेली: ‘सर्व गाड्यांची वायरिंग खात्रीने’. दुसरी दादाने स्वतःच ब्रश घेऊन लिहिलेली, म्हणून जरा उतरणीला लागलेली: ‘एकदा केलं की परत येणे नाही’. माणूस सातवी शिकलेला, पण गाडी नुसती स्टार्ट केली की आवाजावरून सांगायचा, कुठली वायर रुसलीय ते. असं दादाच सांगत फिरायचा, पण खोटं नव्हतं हो ते. बाजारात विचारा कुणालाही.

त्याचा एक ठरलेला शब्द होता, डायरेक्ट. स्विच गेला? “डायरेक्ट करून देतो.” हॉर्न मुका झाला? “डायरेक्ट!” मधलं सगळं लटांबर काढून टाकायचं आणि बॅटरीतून सरळ वायर न्यायची, झालं काम. दुसरीकडे अर्धा दिवस मोडला असता तिथे गिऱ्हाईक दहा मिनिटांत रस्त्याला. त्याला सगळे डायरेक्टदादाच म्हणायचे, आणि तो ते नाव पदवीसारखं मिरवायचा.

त्याहून जास्त मिरवायची गोष्ट एकच, धाकटी बहीण. ती जनावरांच्या दवाखान्यात होती. मोटरसायकलवरून वाड्या-वस्त्या पालथ्या घालायची आणि गुरांना लस टोचायची. तिच्या गाडीला पुढे धुक्याचे दोन दिवे, हँडलला मोबाइलचं चार्जर, मागे लशीची बॅटरीवर चालणारी थंड पेटी. सगळं दादाच्या हातचं. “आमच्या धाकटीची गाडी म्हणजे चालता-फिरता दवाखाना!” गिऱ्हाईक टायरची हवा विचारायला आलेलं असो, त्याला हे ऐकून घ्यावंच लागायचं.

त्या रविवारी दुपारी तीच गाडी दुकानापुढे उभी होती, सीट काढलेली, वायरी बाहेर आलेल्या. तीन आठवड्यांपूर्वी ती चढावर मेली होती. पेटी बंद पडली, लस गरम झाली, साठ डोस फेकून द्यावे लागले. वरच्या वस्तीवरचे लोक गुरं बांधून सकाळपासून ताटकळत बसले होते. पुन्हा तारीख दिली तेव्हा निम्मीच जनावरं आली. तेव्हापासून धाकटी बर्फाच्या डब्यात लस घालून जवळपासच्याच वस्त्या करत होती.

आज दादा गाडीला वेगळी फ्यूजपेटी बसवत होता. पंज्याएवढी, सहा खणांची, वर पारदर्शक झाकण. सकाळपासून हाच उद्योग. दोन गिऱ्हाइकं त्याने परत पाठवली होती, आणि हे कधी होत नसे.

धाकटी स्टुलावर बसून वायरींची टोकं धरत होती. “ही पेटी आधीच का नाही रे बसवलीस दादा?”

“तेव्हा मिळत नव्हती.”

मिळत होती. समोरच्या स्पेअर पार्टवाल्याच्या काचेत वर्षभर धूळ खात पडली होती. दादाच म्हणाला होता, असले खेळ नवशिक्यांना लागतात.

खरी गोष्ट दादाला एकट्याला ठाऊक होती. दिवे, चार्जर आणि थंड पेटी, तिघांना मिळून त्याने एकच फ्यूज दिला होता. फ्यूज म्हणजे काय, वायरीत जास्त करंट आला तर आपण जळून पुढचं वाचवणारा बारीक तुकडा. थंड पेटी लावल्यापासून तो दोनदा उडाला. तिसऱ्यांदा धाकटी घाईत होती आणि दादा कुणाला तरी तिचंच कौतुक सांगण्यात रंगला होता. त्याने बोलता बोलता तांब्याची तार पिळली आणि फ्यूजच्या जागी खुपसली. “घे. आता उडायचं नाव काढणार नाही. डायरेक्ट!”

तार खरंच उडाली नाही. जळाल्या त्या वायरी. गाडी टेम्पोत घालून आणली तेव्हा सीटखाली सगळ्या वितळून एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या, आणि तार मात्र ठणठणीत. दादाने ती गुपचूप खिशात टाकली. तेवढ्यात मागून धाकटी म्हणाली, “माझंच चुकलं रे. आदल्या दिवशी पाइप लावून गाडी धुतली मी. पाणी गेलं असणार आत, ना?”

दादा म्हणाला, “हं. जाऊ शकतं.”

बस्, एवढंच. त्या रात्री त्याने ती तार खिळ्यांच्या डब्यात तळाशी दडवली.

“दादा, जरा ऐक,” धाकटीने पर्समधून घडी केलेला कागद काढला. “उद्या साहेबांना खुलासा द्यायचाय. बरोबर झालाय का सांग.” आणि ती शाळेत धडा वाचावा तशी वाचायला लागली. “मी वाहन चुकीच्या पद्धतीने धुतल्यामुळे वायरिंगमध्ये पाणी शिरून बिघाड झाला. यात सर्वस्वी माझा निष्काळजीपणा आहे.” ती थांबली. “सर्वस्वी बरं वाटतं की पूर्णपणे?”

दादाच्या हातातला पाना तिथेच थांबला. “यानं काय होईल?”

“काय होणार? फिरती काढून घेतील. टेबलावर बसवतील नोंदी करायला. साहेब म्हणाले, तरी मी सांगत होतो, बाईमाणसाला गाडी झेपत नाही.” ती हसली, पण ते हसू ओठांच्या वर गेलं नाही.

“झेपत नाही?” दादा ताडकन उठला. “कोण म्हणतो? अख्ख्या दवाखान्यात तो चढ कोण चढतं तुझ्याशिवाय? चल, आत्ता त्याच्या घरी...” आणि मग त्याला आठवलं की त्या साहेबाच्या तोंडी हे वाक्य घातलं कुणी.

आत जाऊन त्याने खिळ्यांच्या डब्यातून ती तार आणली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

“हे काय?”

“चिमणे, पाणीबिणी काही गेलं नव्हतं. फ्यूजच्या जागी ही होती. मी घातलेली.”

धाकटीने तार उलटसुलट करून पाहिली. “डायरेक्ट?”

“डायरेक्ट.”

“कधी कळलं तुला?”

“त्याच दिवशी.”

“मी इथे, याच स्टुलावर बसून रडले दादा.”

“हो.”

“तू पाणी आणून दिलंस. आणि वर म्हणालास, पुढच्या वेळी फडक्यानं पुसत जा.”

दादा मान खाली घालून पान्यावरचं तेल पुसत राहिला. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती उठेल, चालू लागेल, असंही त्याला वाटलं. ती उठली नाही. तार बोटांत फिरवत बसली.

“ही पेटी कशी चालते ते सांग,” ती शेवटी म्हणाली. “एक एक करून. डायरेक्ट नको.”

दादाने सांगितलं. बॅटरीतून ही जाड वायर, तिला बॅटरीजवळच हा मोठा फ्यूज. पुढे रिले, म्हणजे किल्ली फिरवली तरच करंट सोडणारा दरवान. तिथून ही फ्यूजपेटी, आणि तिच्यातून प्रत्येकाला आपापला फ्यूज. दिव्यांचा वेगळा, चार्जरचा वेगळा, थंड पेटीचा वेगळा.

“कशावरून चालेल?”

आजवर असं विचारणाऱ्याला दादाने पाटी वाचायला लावली असती. आज त्याने किल्ली फिरवली, दिवे लावले, थंड पेटी घुरघुरायला लागली. मग चार्जरची उघडी वायर धरून त्याने मुद्दाम गाडीच्या लोखंडाला टेकवली.

टिक्.

चार्जर गेलं. दिवे चालू होते. पेटी घुरघुरत होती.

दादाने किल्ली बंद करून वायर परत जोडली. धाकटीने झाकण उघडलं, जळका फ्यूज स्वतः उपसून काढला, त्यावरचा आकडा बघून त्याच आकड्याचा नवा बसवला. मग खुलाशाचा कागद उलटा करून पेन त्याच्यापुढे धरलं. “लिही. तुझ्या हातानं.”

“माझं अक्षर कसंय तुला माहितीय.”

“पाटीवर लिहिताना नाही आड आलं ते.”

दादाने कागद काढून ठेवलेल्या सीटवर ठेवला आणि लिहायला घेतलं. फ्यूज, तार, तारीख, सगळं लिहिलं. ओळ नेहमीसारखी उतरत गेली. एका शब्दापाशी तो अडला. “निष्काळजीपणा... यातला ष पोटफोड्या ना?”

“पोटफोड्या.”

“आणि सर्वस्वी लिहू?”

“लिही.”

खाली सही केली, दुकानाचा शिक्का मारला. “साहेब ऐकतील?”

“माहीत नाही. उद्या तू पण चल. तोंडानं सांग.”

“येतो,” दादा म्हणाला. एवढं बोलताना त्याचा आवाज इतका बारीक झाला की त्यालाच तो अनोळखी वाटला.

धाकटीने सीट बसवली, कागद पर्समध्ये टाकला, गाडीला किक मारली. एरवी निघताना ती ‘येते रे दादा’ म्हणायची. आज म्हणाली, “जादाचे दोन फ्यूज दे.”

त्याने चार दिले. तिने मोजून दोन घेतले, दोन त्याच्या हातात परत ठेवले, आणि निघाली.