तीन म्हणजे दे

बायकोला नाही, क्लासमधल्या कुणाला नाही, पोलिसांना तर नाहीच. अकरा वर्षं ही गोष्ट तोंडाशी येऊन परत गेली आहे. आज तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही, कदाचित म्हणूनच जमेल.

मी नवापूरला कराटे शिकवतो. वय बावन्न, कमरेला काळा पट्टा. आसपासच्या शाळांत 'मुलींसाठी स्वसंरक्षण' असा फलक लागला की खाली माझं नाव असतं. दर जूनमध्ये कुणाची तरी आई किंवा बाप तोच प्रश्न विचारतो — सर, याचा खरंच उपयोग होतो का? म्हणजे, वेळ आलीच तर? मी म्हणतो, होतो. होतोच. आणि म्हणताना दर वेळी मला एक तळहात दिसतो. अंगठ्याच्या मुळापासून करंगळीपर्यंत उघडलेला, आत दोरीसारखं पांढरं काहीतरी, आणि मग ते पांढरंही लाल होतं.

तो उजवा तळहात मार्थाचा. माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी. आज त्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. ती समजते, दोष तिच्या हाताचाच होता, ऐन वेळी त्यानं दगा दिला. तसं तिला मी सांगितलं आहे. ते खोटं आहे.

हे एवढं लिहिलं. आता पुढचं लिहायला हवं.

मार्था चिंचपाड्याजवळच्या एका पाड्यावरची. तेव्हा बावीस वर्षांची. सकाळपासून पोल्ट्रीवर काम करायची आणि संध्याकाळी सायकलवर क्लासला यायची. घरी त्यांची बोली, माझ्याशी शाळेतली मराठी. ती ठोसा मारायची तेव्हा पॅडच्या मागचा माणूस दोन पावलं सरकायचा. एकदा मी म्हटलं, मनगट धरताना तुझी पकड फार कडक होते. तर म्हणाली, "सर, दिवसभर कोंबड्या धरते मी. तुम्ही त्यांच्याहून कमी फडफडता." सगळा क्लास हसला. मीही हसलो — आणि पुढच्या फेरीत तिला गरजेपेक्षा जोरात आपटलं. मला मारायला आवडतं. हेही इथेच लिहून टाकतो, कारण पुढे त्याचा संबंध आहे.

माझ्याकडे लाकडी सुरी एकच होती. सागाची, मीच तासलेली. रांगेत तीस मुली, सुरी एक, शाळेनं दिलेला वेळ पाऊण तास. मुलीनं सुरी हिसकावली की ती कुठेतरी भिरकावणार, मग सुरी बाकाखालून काढा, मग पुढची मुलगी. वेळ जायचा. म्हणून मी तीन आकडे बसवले. एक — वळव. म्हणजे समोरच्याचा हात बाहेर वळव. दोन — घे. मनगट पिळून सुरी घे. तीन — दे. म्हणजे पातं आपल्या मुठीत धरायचं, सुरीची मूठ समोरच्याकडे करायची, मान झुकवून कराटेतला नमस्कार, 'ओस', म्हणायचं आणि सुरी परत द्यायची. की लगेच पुढची.

फार सुटसुटीत झालं. पाहुण्यांना तिसरा आकडा सगळ्यात आवडायचा. शिस्त आहे, संस्कार आहेत, असं भाषणात म्हणायचे. प्रात्यक्षिकात सुरी घेऊन धावून जाणारा मी आणि ती काढून घेणारी मार्था. चार वर्षं. किती वेळा झालं असेल? हजार? जास्तच. सुरी घेऊन अंगावर आलेल्या माणसाला सुरी परत करायची — असं कुणी मला म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण मी तर तेच म्हणत होतो ना? घसा ताणून म्हणत होतो — तीन, दे!

त्या दिवशी खांडबाऱ्याचा बाजार होता. तिथल्या शाळेत आमचं प्रात्यक्षिक झालं होतं. दुपारची वेळ, आम्ही बाजारातून स्टेशनकडे निघालो. मार्था पुढे, खांद्यावर पोशाखांची पिशवी. मी मागे.

तिच्या मोठ्या बहिणीचा नवरा समोरून आला. हा माणूस बायकोला मारायचा. कधी पट्ट्यानं, एकदा तर उकळत्या पाण्यानं. शेवटी मार्थाच तिला जाऊन घेऊन आली होती. तो कोंबडीच्या दुकानावर कापायला असायचा. त्यांच्या बोलीत ओरडला. मला एवढं कळलं, की माझी बायको कुठे आहे, तूच तिला फितवलीस. मार्था मागे सरली नाही. तिनं काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही, पण ते लहान होतं. दोन-तीन शब्दांचं. त्यानं कमरेमागून सुरी काढली. दुकानातलीच, घासून घासून पातं अरुंद झालेलं.

मी किती अंतरावर होतो? पाच पावलं. नाही — चार. अंतर मोजणं हा माझा धंदा आहे, तिथे मी चूक करत नाही. चार पावलं आणि त्या माणसाची पाठ अर्धी माझ्याकडे. मी शिकवतो त्यातली कुठलीही लाथ बसली असती.

माझे पाय मागे गेले. नाही, हे पायांवर ढकलणं झालं. मी मागे गेलो. सुकी मासळी विकणाऱ्या एका म्हातारीनं बांबूला ताडपत्री बांधली होती, तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. आणि कडेनं बघत राहिलो.

त्यानं वरून, उजव्या बाजूनं वार केला. अगदी मी करायचो तसा. मार्थाच्या खांद्यावरची पिशवी गळून पडली. एक — तिनं हात वळवला. दोन — मनगट पिळलं, सुरी तिच्या हातात. इतकं नेटकं, की ताडपत्रीमागे लपलेल्या मला — कसं सांगू — अभिमान वाटला.

आणि मग तिनं सुरी फिरवली. पातं स्वतःच्या मुठीत, मूठ त्याच्याकडे. मान किंचित खाली गेली. ओठ हलले.

क्षणभर त्यालाही समजलं नाही. मग त्यानं मूठ धरली आणि सुरी ओढली.

लाकडी सुरी ओढली तर काही होत नाही. ही तिच्या बंद मुठीतून निघाली. मार्था ओरडली नाही, उघड्या पडलेल्या तळहाताकडे बघत राहिली. दोघांच्या मधे कुणी नव्हतं, आणि त्यानं तिला बरगडीखाली भोसकलं. सुरी बाहेर काढली. पुन्हा भोसकलं, या वेळी कमरेत, हाडावर. पातं अडकलं तेव्हा तो पाय रोवून ओढू लागला.

तेवढ्यात ती मासळीवाली उठली. साठीच्या पुढची, जेमतेम माझ्या छातीएवढी. "पोरवर हात उचलस का रे मुडदा!" असं किंचाळत तिनं बोंबलांची पाटी त्याच्या तोंडावर फेकली आणि तराजूतलं दोन किलोचं लोखंडी वजन त्याच्या कानावर हाणलं. मग पुन्हा. मग पुन्हा. तिनं कुठले आकडे मोजले नाहीत. तो गुडघ्यांवर आला, दोन हमाल धावले आणि त्याच्या हातांवर बसले.

तेव्हा मी बाहेर आलो.

तो जमिनीवर होता, दोन्ही हात दाबलेले, कानातून रक्त. मी त्याच्या तोंडावर लाथ मारली. कंबर पूर्ण फिरवून, पुस्तकात दाखवतात तशी. जबडा मोडल्याचं मला बुटातून कळलं. दोन दात मासळीत जाऊन पडले. दुसरी लाथ बरगड्यांत, तिसरी पुन्हा तिथेच, कारण तिथे काहीतरी मऊ झालं होतं. मी ओरडत होतो. हमालांपैकी एक म्हणाला, "बस करा सर, मरी जाई तो!" तरी मी चौथी मारली. मार्था दोन हातांच्या अंतरावर पडली होती आणि मी अजून तिच्याकडे पाहिलंही नव्हतं. तिच्या हाताला पदर फाडून बांधत होती ती मासळीवालीच.

पहिल्या दोन-तीन मिनिटांत काय झालं ते फार थोड्यांनी पाहिलं. माझ्या लाथा सगळ्या बाजारानं पाहिल्या. संध्याकाळपर्यंत नवापुरात बातमी झाली, की कराटेवाल्या सरांनी गुंडाला आडवा केला. घरी बायकोनं बुटाकडे पाहिलं. "हाई रक्त कोनं शे? तुम्हले लागनं का?" मी म्हटलं, त्याचं आहे. तिनं बूट स्वतः धुतले. पोलिसांना मी सांगितलं, गर्दीत मागे राहिलो होतो, पोचेपर्यंत वार झालेले होते. पुढे दोन शाळांनी मला शाल आणि नारळ दिला. मी दोन्ही घेतले.

चौथ्या दिवशी दवाखान्यात मार्था बोलायला लागली. पोटात नळी, हात खांद्यापर्यंत बांधलेला. म्हणाली, "सर, सुरी मी घेतली होती ना? मला घेतल्याचं आठवतंय. मग त्याच्याकडे कशी गेली?"

डॉक्टर म्हणाले होते, हिनं पातं पकडलेलं दिसतंय. का पकडलं असेल ते त्या इमारतीत फक्त मला माहीत होतं. मी म्हटलं, "निसटली गं. घाबरलीस तू. होतं असं." ती म्हणाली, "कोंबडी नाही निसटत माझ्या हातून."

तिच्या वडिलांनीही बाहेर तेच विचारलं. मी म्हटलं, बाबा, शिकवलेलं ऐन वेळी विसरली. त्यांनी मान हलवली. महिन्याभरानं ते माझ्या घरी आले, नव्या तुरीची डाळ घेऊन. तुम्ही होतात म्हणून पोरगी वाचली, म्हणाले. ती डाळ आम्ही खाल्ली. चांगली होती.

मासळीवालीनं मात्र मला पाहिलं होतं. पुढच्या एका बाजारी तिनं लांबूनच हाक मारली, "काय मास्तर, आज बी मन्हा मांगेच उभा ऱ्हाशी का?" शेजारच्या बायका हसल्या. त्यांना वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. त्यानंतर मी खांडबाऱ्याच्या बाजारात गेलो नाही.

आणि एक. त्या घटनेनंतरच्या पहिल्याच तासाला मी आकडे बदलले. तीन — फेक. चार — पळ. मुलींना सांगितलं, नवी पद्धत आली आहे. म्हणजे मला ठाऊक होतं. मार्थाच्या पोटातली नळी निघायची होती, तेव्हाच ठाऊक होतं. तिला सोडून सगळ्यांना मी दुरुस्ती सांगितली.

मार्था परत क्लासला आली नाही. लग्न झालं, मुलगी झाली. पोल्ट्रीवर आता ती अंडी मोजायला बसते. त्या हातानं कोंबडी धरता येत नाही.

या जूनमध्ये ती आली. आठ वर्षांच्या मुलीला घेऊन. "हिलाही शिकवा, सर. माझ्यापेक्षा धीट आहे ही." मी मुलीला रांगेत उभं केलं. मार्था पायरीवर बसली. मोठ्या मुलींचा सुरीचा सराव चालू होता. मी मोजत होतो. एक. दोन.

तीन म्हटलं आणि मार्थाचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला. रिकामाच. तो फिरला, दोन ताठ बोटं सोडून कशावर तरी मिटला, आणि पुढे झाला — कुणाला तरी काहीतरी देत असल्यासारखा. मान जराशी झुकली. मग तिनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

क्लास सुटल्यावर ती मुलीचे बूट घालत होती. वर न बघता म्हणाली, "सर, आमच्या वेळी तीनला काय होतं?"

चार पावलंही नव्हती. समोरच उभा होतो. सुरी नव्हती, रक्त नव्हतं, कुणी मला काही करणार नव्हतं.

"फेक," मी म्हटलं. "पहिल्यापासून फेकच."

"हो का," ती म्हणाली. "मग तेही माझंच चुकलं." आणि मुलीचा हात धरून गेली.

तीनला 'दे' होतं. ती घाबरली नव्हती, विसरली नव्हती, तिच्या हातून काहीही निसटलं नव्हतं. मी शिकवलं होतं ते तिनं एकही चूक न करता केलं, आणि मी ते ताडपत्रीमागून बघितलं.

तिची मुलगी मंगळवारी आणि शुक्रवारी येते. आकडे मीच मोजतो.