बर्नडीनच्या अंगणातला खड्डा

मोठा पाऊस झाला की अमेरिकेतल्या अर्ध्या मिलवॉकी शहराची घाण बर्नडीन कुझावाच्या तळघरात मुक्कामाला यायची. त्या जुन्या वस्तीत पावसाचं आणि संडासाचं पाणी जमिनीखालच्या एकाच नळातून जायचं. नळ तुंबला की तेच पाणी तळघराच्या मोरीतून उलटं वर. नवरा गेल्यापासून बर्नडीन एकटीच ते उपसत आली होती, आणि दर वेळी पालिकेच्या सात पिढ्यांचा उद्धार करत आली होती.

त्यामुळे पालिकेने सभा बोलावली तेव्हा ती भांडायलाच गेली. मॅरिसोल नावाची इंजिनियर सांगत होती, "ज्याला हवा त्याच्या अंगणात आम्ही पालिकेच्या खर्चाने उथळ खड्डा करून देऊ. आत खोल मुळांची झाडं. छपराचं पाणी नळात न जाता तिथेच मुरेल."

बर्नडीन उठली. "अहो बाई, माझ्या तळघरात गू तरंगतोय आणि तुम्ही फुलं लावताय?"

सभागृह खो-खो हसलं. मॅरिसोलही हसली. "फुलं कसली, मिसेस कुझावा! पहिली दोन वर्षं नुसतं तण दिसेल."

पालिकेच्या तोंडून खरं ऐकायची सवय नसल्याने बर्नडीन गडबडली. तेवढ्यात शेजारचा ऑर्विल पुटपुटला, "असलं उकिरड्याचं सोंग आपल्या गल्लीत नको." ऑर्विल आपलं हिरवळीचं अंगण जणू फणीने विंचरायचा. त्याला छळायची संधी बर्नडीनने आजवर सोडली नव्हती. "माझं नाव लिहा," ती ओरडली. "सगळ्यात वर!"

खड्डा झाला, झाडं लागली. ती गुडघ्याएवढी झाली आणि खरोखरच तणासारखी दिसू लागली. रविवारी बहीण जेवायला यायची होती. बर्नडीनला लाज वाटली. तिने सगळं उपटलं, माती पायाने चांगली दाबून बसवली आणि टोमॅटो लावले.

ऑगस्टमध्ये आभाळ फाटलं. दाबलेल्या मातीत पाणी मुरेना. खड्डा भरून वाहिला आणि पाणी थेट ऑर्विलच्या तळघराच्या खिडकीतून आत घुसलं. तिथे त्याने बायकोसोबत वर्षानुवर्षं जुळवलेली खेळण्यातली रेल्वे होती.

सकाळी ऑर्विल पायरीवर बसून रुमालाने एक छोटं इंजिन पुसत होता. बर्नडीनच्या जिभेवर तयार असलेला टोमणा तिथेच विरघळला. ती घरात गेली आणि तिने मॅरिसोलला फोन लावला.

"मी तण उपटून टोमॅटो लावले."

"सगळं?"

"सगळं."

"टोमॅटो कसे आहेत?"

"बुडाले."

"बरं झालं," मॅरिसोल म्हणाली. "पालिका दुसऱ्यांदा खर्च देत नाही. माझ्याकडे थोडी रोपं उरलीत. लावायची मात्र तुम्हीच."

बर्नडीन लावायला बसली तर ऑर्विल फावडं घेऊन हजर.

"तू कशाला आलास?"

"तुझ्या भरवशावर माझं तळघर पुन्हा बुडवू काय?"

दोरी ताणून तो सरळ ओळीत रोपं लावू लागला. "ही काय लष्कराची कवायत आहे?" म्हणून बर्नडीन भांडली. तो ऐकेना. संध्याकाळी तिने त्याला सॉसेज भाजून घातले आणि एकदाचं म्हटलं, "रेल्वेचं वाईट झालं रे." त्याने मान हलवली आणि सॉसेजला लावायला मोहरीची चटणी मागितली.

पुढच्या दोन उन्हाळ्यांत अर्ध्या गल्लीने खड्डे मागून घेतले. मग तसाच धो-धो पाऊस आला. दोघं ओसरीवर बिअर घेऊन खड्डा भरताना बघत बसले. पाणी काठाला लागलं, थबकलं आणि हळूहळू जमिनीत उतरलं. बर्नडीनच्या तळघराचा एक कोपरा ओलसर झाला, पण मोरी गप्प राहिली. बर्नडीन कोरड्या फरशीवर अनवाणी उभी राहून मोठ्याने हसली.

पुढच्या आठवड्यात ऑर्विल आपल्या हिरवळीत मॅरिसोलला जागा दाखवत होता. "पण झाडं ओळीतच हवीत," तो बजावत होता.

बर्नडीनने खिडकी उघडली. "उंच वाढणारी लावा हो त्याच्याकडे! म्हणजे मला ह्याचं थोबाड तरी दिसणार नाही!"