मीनलचा नकाशा आणि शाळेचे सामोसे

माझी मैत्रीण मीनल गेल्याचा फोन तिच्या नवऱ्याने, अनिलने केला. "झोपेतच गेली गं," एवढंच बोलला... आठवड्याभरात तिच्या शाळेचं शोकपत्र आलं. इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या त्या शाळेत अठरा वर्षं तिने इतिहास शिकवला, आणि पत्रात काय, तर तिच्या रंगीबेरंगी साड्या आणि चविष्ट सामोसे. शाळेत ती कायम काळी पँट घालायची, आणि सामोसा तिने जन्मात तळला नाही. शाळेच्या डायव्हर्सिटी डेला, ज्याने त्याने आपापल्या देशाचं खाणं आणायच्या दिवशी, दुकानातून आणायची.

मीनल नागपूरची, बोलायला तिखट. गेल्या वर्षी स्टेशनवर एक माणूस "गो होम" म्हणत तिच्या कोटावर थुंकला. ती तडक माझ्याकडे आली आणि सिंकमध्ये तिने तो कोट तीनदा धुतला. "राग नाही येत गं, किळस येते," म्हणाली. "एवढा घोडा झाला, पण त्याचे लोक आपल्याकडे कशाला गेले होते, हे त्याला कुणी शिकवलंच नाही." सोमवारी तिने इयर नाइनच्या, म्हणजे तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या वर्गात जगाचा नकाशा लावला आणि होमवर्क दिला: आजोबा-पणजोबा कामासाठी कुठे कुठे राहिले, ते घरी विचारा आणि तिथे टाचणी लावा. टाचण्या लागल्या नैरोबीला, लाहोरला, एडनला. एका गोऱ्या मुलीने खडकीला लावली. तिचे पणजोबा तिथे सैन्यात होते. "मिस, सो वी वेंट देअर फर्स्ट?" तिने विचारलं. हे मला सांगताना मीनलचा चेहरा काय खुलला होता...

मग एका पालकाने तक्रार केली. हेडटीचरने नकाशा "जरा डिव्हिसिव्ह", म्हणजे फूट पाडणारा, ठरवून उतरवायला लावला. थुंकी चालते, टाचणी टोचते. आणि मी काय म्हणाले? "जाऊ दे ना गं, कशाला उगाच डोळ्यांवर यायचं." हाताची घडी, तोंडावर बोट; परदेशात आपल्याला हे छान जमतं. मीनल म्हणाली, "तो थुंकला ते धुतलं. तुझं हे कसं धुऊ?" नंतर महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही. ते आठवलं की अजून स्वतःचीच शिसारी येते.

पंधरा दिवसांपूर्वी शाळेने आमच्या मराठी मंडळाला ईमेल केला: मीनलच्या स्मरणार्थ डायव्हर्सिटी डेला सामोशांचा स्टॉल लावाल का? कमिटीने व्हॉट्सॲपवर दहा मिनिटांत होकार दिला, हात जोडलेल्या इमोजींसकट. मंडळाची सेक्रेटरी मी. उतरवल्यावर मीनलने टाचण्यांसकट घरी नेऊन ठेवलेला नकाशा अनिलकडून आणला आणि शाळेला कळवलं, सामोसे मिळणार नाहीत, नकाशा लावायला भिंत द्या. लगेच कमिटीतल्या जोशीकाकांचा फोन.

"अगं, शाळेशी कशाला वाकडं घेतेस? तुझी मुलगी तिथेच शिकतेय ना?"

"शिकतेय, काका. म्हणूनच."

शाळेचं उत्तर अजून आलेलं नाही. नकाशा बोर्डासकट आमच्या डायनिंग टेबलावर आहे. टाचण्या हलू नयेत म्हणून घरात आम्ही तिघं दोन आठवडे ताट मांडीवर घेऊन जेवतो आहोत.