गिरजाबाईनं फुंकलेली पिशवी

गिरजाबाई गाल फुगवून पिशवीत फुंकून राह्यली होती. तलावात जाळं अडकलं तं बुडी मारून सोडवनारी बाई, पन थे पिशवी काई भरेना. शेवटी कशीबशी भरली. सत्यशीला सिस्टरनं तोंड बांधून घेतलं.

सन दोन हजार पाच-सहाची गोष्ट. मार्कंड्याच्या अलीकडं ढिवराइचं, मासे धरनाऱ्याइचं गाव. बाईच्या श्वासावरून छातीच्या कॅन्सरचा पत्ता लागते काय, हे पाहाले शहरातून डॉक्टर आले होते. पोलकं सोडाचं नाई, कोनी हात लावनार नाई, मनूनच गिरजाबाई आली. डाव्या छातीत बोराएवढी गाठ होती. धाकट्या जावेले, रंजीताले, तेवढं ठाऊक.

सिस्टरनं बजावलं होतं, सकाळपासून काई खायाचं नाई. गिरजाबाईनं च्याबी घेतला नाई. गालात खर्रा होता तेवढा, तंबाखू-सुपारीचा. फुंकाच्या आधी थुकला. आमच्याकडं महाशिवरात्रीच्या उपासालेबी खर्रा चालते. खर्रा म्हंजे का जेवन हाय?

पंधरा-वीस दिवसानं सिस्टर आली. काई बायाइच्या श्वासात शहरातल्या मशीननं गडबड दाखवली, त्याइनं मोठ्या दवाखान्यात या, मनली. गिरजाबाई होती, कमळा होती, लग्नाची पोरगी भाग्यश्री होती, पोचूची म्हातारी मायबी होती. रंजीता नव्हती.

गिरजाबाईले काई समजेना. पोचूची माय तं अजून धानाचं वझं उचलते. एका गावात इतक्या बायाइले एकाच वक्ती कॅन्सर? कमळा मनली, मशीनच येडी हाय, पयले तिलेच दवाखान्यात न्या. सगळ्या हासल्या. गिरजाबाईबी हासली, आन् हासता हासता तिले बरं वाटलं. मशीन खोटी, तं गाठबी खोटी. सिस्टरले विचारलं तं थे मने, मशीन नवी हाय, पुरा भरोसा नाई, पन या. भरोसा नाई तं याचं काऊन?

कोनीच गेलं नाई. गिरजाबाई जाळं घेऊन तलावाकडं निघाली. रंजीतानं तलावाच्या पाळीवर जाळ्याचं टोक धरलं.

"त्याइले गाठ नाई, बाई. तुमाले हाय."

"मशीन तं येडी हाय ना?"

"मशीन खड्ड्यात जाऊ द्या. माह्या हाताले लागली थे गाठ."

दवाखान्यात गिरजाबाईनं पोलक्याचे बटन स्वतःच सोडले. डॉक्टरीनबाईनं बोटानं दाबून पाह्यलं, बस. गाठ कॅन्सरचीच निघाली, नागपूरले ऑपरेशन झालं. गिरजाबाई आजबी जाळं टाकते, आन् भेटन त्याले सांगते का माही बिमारी पिशवीनं पकडली.

सत्यशीला सिस्टरनं मागून सांगितलं. मशीननं पकडलेल्या सगळ्या बायाइनं त्या सकाळी खर्रा खाल्ला होता. मशीनले त्याचाच वास लागला. थ्या पिशव्या डॉक्टराइनं बाद केल्या. गिरजाबाईचीबी.